कॅनडाहून आलेला कॉफीचा डबा: सातारच्या पाण्यावर दीड महिना

आधीच सांगून टाकते, मी कॉफीतली जाणकार नाही. सकाळी साडेपाचला आल्याचा चहा, शाळेत होते तेव्हा मधल्या सुट्टीत शिपाईमामांच्या हातचा दुसरा चहा, आणि कॉफी म्हणजे कुणी तापानं पडलं किंवा पुण्याचे पाहुणे आले की वाण्याकडून आणायची पुडी. बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. त्याआधी कबड्डी खेळायचे, डावा कोपरा सांभाळायचे. तेव्हा हे परीक्षण कोपऱ्यावरच्या बाईनं लिहिलंय असं धरून वाचा.

डबा भाचीनं आणला. हॅमिल्टनला दोन वर्षं शिकायला होती, दिवाळीला घरी आली. बॅग उघडल्यावर आईला जॅकेट, आमच्या ह्यांना मोज्यांचे चार जोड आणि मला हा डबा. गोल, तांबडा, वर प्लॅस्टिकचं झाकण, वजन ९३० ग्रॅम. एवढ्या वजनात तिनं स्वतःचं काय काय मागं ठेवलं असेल हा विचार आधी आला. किंमत विचारली तर म्हणाली, "मावशी, डॉलरचे रुपये करायचे नाहीत." नाही केले.

डब्यावर एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच, आणि मधे लफ्फेदार अक्षरांत नाव. टिम हॉर्टन्स. मी विचारलं, "हा टिम कोण गं?"

"अगं मावशी, कंपनी आहे ती. तिकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकान असतं. आपल्याकडे पण आलीय, दिल्लीला, २०२२ मध्ये."

"कंपनीचं नाव टिम कसं असेल? टिम म्हणजे आपला बाळू, बंड्या. कुणीतरी माणूस असणार."

"असेल. विचारलं नाही कधी."

हे माझ्या डोक्यात राहिलं. पण आधी कॉफीचं सांगते, कारण वाचणाऱ्याला ते हवं असतं.

पहिल्या दिवशी मी पुडीसारखंच केलं. कपभर दुधात चमचा टाकला, साखर टाकली, उकळी आणली. ही कॉफी विरघळत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाचीला वाटलं मावशीला माहीत असेल, मावशीला वाटलं कॉफी ती कॉफी. पहिला घोट बरा लागला. दुसऱ्याला दातांत कचकच, आणि कपाच्या तळाला वेण्णेच्या काठची रेती बसावी तसा गाळ. आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि "चहा टाक" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळली. फडकं श्रीखंडाचा चक्का बांधायचं. धुतलेलं होतं, उन्हात वाळवलेलं होतं, तरी त्याला आंबूस वास असतोच, तो गरम पाणी पडल्यावर जागा झाला. वर दूध ओतलं तर ते नासलं. हा डाव सर्वस्वी माझ्यामुळे गेला, डब्याचा काही दोष नाही.

तिसऱ्या दिवशी मोती चौकात जाऊन स्टीलचा मद्रासी फिल्टर घेऊन आले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दोन डब्या एकावर एक, वरचीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. वरच्या डबीत पूड, तिच्यावर गरम पाणी, खालच्या डबीत थेंब थेंब अर्क उतरतो. इथंही एकदा फसले. फिल्टरबरोबर छत्रीसारखी दांड्याची चकती येते, तिनं पूड चांगली दाबली, आणि पाणी अर्धा तास वरच तुंबून राहिलं. भाचीनं फोनवर हसत सांगितलं की ही पूड तिकडच्या मशीनसाठी बारीक दळलेली असते, त्यात कागदाची गाळणी असते. आपल्या फिल्टरला दाबायची नाही. चार सपाट चमचे पूड, चकती नुसती वर ठेवायची, पाणी उकळून मिनिटभर थांबायचं आणि मग गोल फिरवत ओतायचं. वीस मिनिटांत दोन माणसांपुरता अर्क उतरतो. तोवर माझी झाडांना पाणी घालून होतात.

आता चव. डबा उघडल्या उघडल्या वास येतो तो भाजलेल्या शेंगदाण्याच्या अंगानं जाणारा, खरपूस. पुडीच्या कॉफीला जो जळका वास असतो तो इथे नाही. चिकोरी (स्वस्त कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड) नाही, सगळी अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य जात. त्यामुळे अर्क काळाकुट्ट होत नाही, ग्लासात उजेडाला धरला तर तांबूस दिसतो. कडवटपणा बेताचा, जिभेच्या मागच्या बाजूला जरासा येतो आणि जातो. ज्यांना उडप्याच्या हॉटेलातली फेसाळ, दाट कॉफी आवडते त्यांना ही अंगानं हलकी वाटेल. आपल्या सवयीनं पाऊण कप दूध ओतलंत तर कॉफी सापडणारच नाही. मी आता अर्धा कप अर्क, दोन चमचे दूध असं प्रमाण ठेवलंय. हे मत जिभेचं आहे आणि माझी जीभ चहावर वाढलेली, तेव्हा तेवढी सूट द्या.

तिकडे म्हणे ही 'डबल डबल' मागतात. दोन मलई, दोन साखर. आपल्याकडे 'कटिंग' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही तसंच. हा शब्द २००४ मध्ये कॅनडाच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात गेला. मी म्हशीच्या दुधाची साय काट्यानं घोटून करून पाहिली. नीट घोटली नाही तर वर लोण्याचे कण तरंगतात, घोटली तर मात्र फार छान. ह्यांनी त्यात खारी बुडवून खाल्ली आणि कप परत पुढे केला. आमच्या घरात कॉफीला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळालेलं नाही.

पण मला टिम सोडवेना. निवृत्त माणसाकडे संध्याकाळ मोकळी असते. फोन घेऊन बसले आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की हा माणूस खेळाडू होता. आइस हॉकीचा. आणि बचावपटू! मग काय विचारता, कॉफी गार झाली.

आपल्या साताऱ्यात बर्फ म्हणजे राजवाड्यासमोरचा गोळा, त्यामुळे खेळ थोडा सांगायला लागेल. आखाड्याएवढं नाही, चांगलं साठ मीटर लांब बर्फाचं मैदान. पायात पात्याचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी इंचभर जाड रबराची चकती. ती उडू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. एका वेळी सहा जण मैदानात, त्यातला एक गोलकीपर, दोघं बचावाला. आणि धक्का देणं, अंगावर जाणं हे नियमात बसतं. माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटलं.

टिमचं कागदावरचं नाव माइल्स गिल्बर्ट हॉर्टन. जन्म १२ जानेवारी १९३०, उत्तर ओंटारिओतल्या कॉक्रन नावाच्या गावी. पुढं घर सडबरीला गेलं, ती निकेलच्या खाणींची जागा. तिथून टोरांटोच्या सेंट मायकेल्स कॉलेजात, खेळावर. मग तीन वर्षं पिट्सबर्गच्या खालच्या दर्जाच्या संघात घासला आणि १९५२ पासून टोरांटो मेपल लीफ्सच्या मुख्य संघात पक्का. त्या वेळी त्यांच्या सर्वोच्च लीगमध्ये संघ किती होते? सहा. सगळ्या खंडात मिळून सहा. म्हणजे जागा शंभर-सव्वाशे, आणि रांगेत खाणीवरची, शेतावरची, रेल्वेवरची सगळी पोरं. आमच्या वेळी जिल्ह्याच्या निवड चाचणीला ट्रकनं पोरी यायच्या त्याची आठवण झाली.

१९५५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या बिल गॅड्सबीची एक धडक बसली आणि टिमचा पाय मोडला, जबडाही मोडला. दोन्ही एकाच धडकेत. पुढच्या हंगामाचा बराच भाग घरी. माझा उजवा गुडघा १९८७ मध्ये चढाईवाली अंगावर पडून गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता लग्न करा." टिमला कुणी असं म्हणालं असेल की नाही, पण तो परत उभा राहिला आणि पुढं जे केलं ते वाचून मी चष्मा पुसला. फेब्रुवारी १९६१ ते फेब्रुवारी १९६८, सलग ४८६ सामने. एकही चुकला नाही. ताप नाही, मुरगळ नाही, घरचं कार्य नाही. मोडलेल्या पायानं! बचावपटूंमधला हा विक्रम २००७ पर्यंत टिकला, मग लॅटव्हियाच्या कार्लिस स्क्रास्टिन्शनं मोडला. (तोही बिचारा पुढं चार वर्षांनी विमान अपघातात गेला, अख्ख्या संघाबरोबर.) मी माझ्या नोकरीत सलग किती दिवस रजा काढली नाही ते आठवून पाहिलं. दिवाळीच्या सुट्ट्या धरूनही आकडा सांगण्यासारखा नाही.

आता मला जे आवडलं ते. हा माणूस जबर ताकदीचा होता, पण मारामारीत हात उगारायचा नाही. त्या खेळात हातमोजे फेकून ठोसेबाजी रोजची. टिम काय करायचा, तर जो अंगावर येईल त्याला कवेत घ्यायचा आणि आवळून धरायचा. समोरचा गार पडेपर्यंत सोडायचा नाही. अहो, ही तर कबड्डी! कंबरेला कव घालणं आम्ही मुलींना वर्ष-वर्ष शिकवतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची नाहीत, एका हाताचं मनगट दुसऱ्यानं धरायचं, डोकं त्याच्या बरगडीला आणि गुडघे वाकलेले. बोटं अडकवली की मोडतात, मी मोडलेली पाहिलीत. बॉस्टनचा डेरेक सँडरसन एकदा त्याच्या कवेत सापडला आणि सुटता येईना म्हणून चक्क चावला. पुढं त्याचा खुलासा असा की एक बरगडी गेल्याचं कळलं, मग दुसरी गेल्याचं कळलं, तेव्हा बाहेर पडायला दुसरा मार्ग नव्हता. हा किस्सा मी ह्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तुझी आठवण झाली."

मैदानाबाहेर डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा. फोटोत बघाल तर एखाद्या हायस्कूलचा गणिताचा मास्तर वाटेल, फक्त मानेवर शर्टाचं बटण लागत नाही एवढाच फरक.

बचावपटूचं दुखणं मला ठाऊक आहे. चढाईवालीनं चार गडी मारले की पेपरात नाव. कोपऱ्यावरच्या पोरीनं घोटा धरून तीच चढाईवाली पाडली की 'संघाने चांगला खेळ केला.' टिम २४ हंगाम खेळला, १४४६ सामने, आणि गोल किती? ११५. म्हणजे बारा-तेरा सामन्यांत एक. त्याचं काम समोरच्यांचे गोल न होऊ देणं, आणि न झालेले गोल कोण मोजणार? तरी १९६२ च्या बाद फेरीत पठ्ठ्यानं १२ सामन्यांत १६ गुण काढले, त्यातले तीनच गोल स्वतःचे, बाकीच्या तेरांत दुसऱ्याला चकती नेऊन दिलेली. त्या लीगचा विजेत्याचा स्टॅन्ली कप त्या वर्षी टोरांटोनं जिंकला, मग १९६३, १९६४ आणि १९६७. चारही वेळा हा मागं उभा. १९६७ नंतर त्या संघाला तो कप अजून मिळालेला नाही, हे तिकडचं जुनं रडगाणं आहे म्हणे. भाचीच्या वर्गातले टोरांटोचे मुलगे दर एप्रिलला सुतक पाळल्यासारखे बसायचे, ते का हे तिला आत्ता कळलं.

आणि दुकान? त्या काळी या खेळात पैसा बेताचा. उन्हाळ्यात खेळाडू दुसरी कामं करायचे. टिमनं मोटारी विकल्या, हॅम्बर्गरची हॉटेलं काढून पाहिली, ती चालली नाहीत. मग १९६४ मध्ये, वय ३४, भागीदाराबरोबर हॅमिल्टनच्या ओटावा स्ट्रीटवर डोनटचं दुकान घातलं. डोनट आणि कॉफी, बास. हॅमिल्टन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, पाळीवरून सुटलेला कामगार रात्री-बेरात्री येणार हा हिशेब. मला हे फार जवळचं वाटलं. आमच्या संघातली एक एसटीत कंडक्टर झाली, एकीनं मसाल्याचं कांडप घातलं, एक अजून पापड लाटते. खेळ सुटल्यावर चूल पेटायला लागतेच. फक्त टिमनं ती खेळ सुटायच्या आधी, तीन कप जिंकल्यावर पेटवली, आणि पुढची दहा वर्षं दोन्ही सांभाळलं.

१९६५ मध्ये रॉन जॉइस नावाच्या माणसानं ते पहिलं दुकान चालवायला घेतलं. हा हॅमिल्टनचा पोलीस होता. पोलिसाची नोकरी सोडून डोनट तळायला! दोन वर्षांत तो बरोबरीचा भागीदार झाला. टिम खेळणार, नाव देणार. जॉइस दुकानं वाढवणार.

नावावरून एक गंमत. पूर्वी पाटीवर 'हॉर्टन्स' मधल्या 'स' च्या आधी तो वरचा स्वल्पविराम असायचा, 'हॉर्टनचं' या अर्थी. क्वेबेकमध्ये फ्रेंचचा कायदा आला, इंग्रजी पाट्या चालेनात, तेव्हा कंपनीनं तो विरामच काढून टाकला. सगळीकडे एकच पाटी चालली. मराठी पाट्यांवरून आपल्याकडे काय काय होतं ते आठवा. तर, टिमचं असं जे काही होतं ते त्या एका टिंबाबरोबर गेलं आणि नुसतं नाव राहिलं.

१९७० मध्ये टोरांटोनं त्याला न्यूयॉर्कला दिलं. मग एक वर्ष पिट्सबर्ग, तिथं दुखापती. वयाच्या ४२ व्या वर्षी बफेलोनं बोलावलं. तिथं टोरांटोचा जुना प्रशिक्षक पंच इमलाख कारभारी होता. (नावच पंच. मी दोनदा वाचलं.) नवखा संघ, पोरंसोरं, त्यांना मागं एक खांब हवा होता. त्या हंगामात बफेलो पहिल्यांदा बाद फेरीत गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा खेळावं म्हणून इमलाखनं त्याला एक इटालियन मोटार दिली, पँटेरा. पांढरी, जमिनीला टेकलेली, पळायला बनवलेली.

२० फेब्रुवारी १९७४. सामना टोरांटोत, जुन्या घरच्या मैदानावर, बफेलोकडून. दुखापतीमुळे शेवटच्या सत्रात तो बसून होता, बफेलो हरलं, तरी सामन्यातल्या तीन उत्तम खेळाडूंत त्याचं नाव घेतलं गेलं. संघ बसनं गेला, टिम एकटा आपल्या मोटारीनं निघाला. टोरांटो ते बफेलो अंतर सरोवराला वळसा घालून शंभर मैल. सातारहून पुण्याला जाऊन निम्म्या वाटेनं परत यावं इतकं. पहाटे सेंट कॅथरिन्सजवळ मोटार भरधाव असताना रस्ता सोडून गेली, उलटली. पट्टा लावलेला नव्हता. दारू प्यालेला होता हे तब्बल तीस वर्षांनी, २००५ मध्ये, शवविच्छेदनाचे कागद बाहेर आले तेव्हा लोकांना कळलं. वय ४४. घरी बायको लोरी आणि चार मुली.

आम्ही हायवेवर राहणारी माणसं. बाँबे रेस्टॉरंटच्या चौकातून रात्री ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की झोपेतही कूस बदलतो. मी शाळेत असताना दर जुलैला दहावीच्या मुलांना हेल्मेटवर अर्धा तास बोलायचे आणि मुलं गालात हसायची. ते वाचल्यावर दोन दिवस डबा फळीवर तसाच राहिला, काढावासा वाटेना.

त्या दोन दिवसांत डोक्यात सारखे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान टिमपेक्षा चारच वर्षांनी मोठा, १९२६ चा. १९५२ ला टिम मोठ्या संघात गेला, त्याच उन्हाळ्यात खाशाबांनी हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. नंतर पोलिसात नोकरी, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आमच्या शाळेत १५ ऑगस्टच्या भाषणांत मी दरवर्षी एका मुलीला खाशाबांवर बोलायला लावायचे, आणि दरवर्षी खालून कुणीतरी विचारायचं, "बाई, हे कोण?" त्यांच्या नावाचं चहाचं दुकान माझ्या पाहण्यात नाही. असतं तर पोरांनी विचारलं नसतं, असं पूर्वी मला वाटलं असतं. भाचीच्या उत्तरानंतर तसंही म्हणवत नाही.

टिम गेला तेव्हा दुकानं चाळीसच्या आसपास होती. १९७५ मध्ये जॉइसनं लोरीकडून तिचा वाटा दहा लाख डॉलरला घेतला. पुढं दुकानं शेकड्यांनी, मग हजारांनी झाली तेव्हा लोरी कोर्टात गेली, आणि १९९३ मध्ये हरली. एवढं वाचून आपण म्हणणार, बघा, विधवेला फसवलं. मी पण म्हटलं. पण मग पुढची ओळ वाचली: टिमच्या एका मुलीचं लग्न जॉइसच्या मुलाशी झालं. म्हणजे हे लोक व्याही! एकीकडे कोर्ट, एकीकडे सोयरिक. हे वाचून माझ्या सासूबाई, वय ८९, ज्या आतापर्यंत या प्रकरणात लक्ष घालत नव्हत्या, त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे आपल्यासारखंच की." जॉइसचं एक मात्र मानायला हवं. टिमच्या नावानं त्यानं गरीब घरच्या मुलांसाठी संस्था काढली, १९७५ मध्ये त्यांचं पहिलं शिबिर भरलं, ती शिबिरं अजून चालतात. शिबिर चालवणं काय असतं ते मला विचारा. पहिल्या रात्री रडणारं एक पोर असतंच असतं.

कंपनीचं पुढचं मी भराभर वाचलं. अमेरिकेच्या एका बर्गरवाल्यानं घेतली, मग वेगळी झाली, मग २०१४ मध्ये दुसऱ्या बर्गरवाल्याबरोबर जोडली. हॅम्बर्गरमध्ये टिमचं जमलं नव्हतं, शेवटी नाव त्यांच्यातच गेलं.

असो. डब्यावर येते. दीड महिना झाला, पाऊण डबा संपलाय. पूड उघडल्यावर वास पंधरा दिवसांनी उतरायला लागतो. मी निम्मी पूड बरणीत भरून फ्रीजमध्ये टाकली, तर तिला कोथिंबिरीचा वास लागला. तसं करू नका. डब्यातच ठेवा, झाकण घट्ट लावा, चमचा कोरडा घ्या. गॅसशेजारच्या फळीवर तर अजिबात ठेवू नका, वाफ लागते. कुणी तिकडून येणार असेल आणि तुम्ही रोज पुडीची कॉफी पीत असाल, तर मागवा, फरक कळेल. पण सोबत फिल्टर घ्यायची तयारी ठेवा, त्याशिवाय हा डबा म्हणजे शोभा. दाट कॉफीवाल्यांनी मागवू नये, बॅगेतली तेवढी जागा दुसऱ्या कशाला तरी द्यावी. मी मार्क देणारी बाई आहे, तारे देत नाही. १०० पैकी ७१. पहिला वर्ग, पण विशेष प्रावीण्य नाही. त्या ७१ मधले पाच डब्याच्या झाकणाला, कारण इतकं घट्ट आणि तरी एका हातानं उघडणारं झाकण मी आजवर पाहिलं नाही. रिकामा झाला की त्यात शेंगदाण्याचा कूट जाणार हे घरात आधीच ठरलंय.

डोनट या डब्याबरोबर येत नाहीत हे उघड आहे. टिमनं स्वतः काढलेले म्हणून दोन प्रकार सांगतात, एक सफरचंदाचे तुकडे घालून तळलेला, एक मनुकांचा चौकोनी. सफरचंदाचा मी गुलगुल्याच्या पिठात करून पाहिला. त्याबद्दल लिहीत नाही.

भाची परवा परत गेली. जायच्या आदल्या रात्री विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी काय आणू? हाच डबा?"

मी म्हटलं, "डबा नको. तुझ्या हॅमिल्टनला ओटावा स्ट्रीटवर ते पहिलं दुकान आहे ना, आता नवीन बांधलंय, वर छोटं संग्रहालय केलंय. तिथं जा आणि मला फोटो पाठव. सात नंबरचा शर्ट दिसला तर जवळून काढ."

ती बॅगेची चेन लावत होती ती थांबली. "ओटावा स्ट्रीट? मावशी, माझी बस रोज तिथूनच जायची गं."